आरओ-सॉफ्टनर बसवणे आणि दुरुस्ती: परवाना नेमका कोणता लागतो?

पूर्णाकाठ
आयटीआयचा नळ कारागीर ट्रेड पूर्ण आहे. दर्यापूर-अकोट भागात घरगुती आरओ आणि सॉफ्टनर (पाण्याचा कडकपणा घालवणारे यंत्र) बसवणे, त्यांची सर्व्हिस करणे, असे काम सुरू करायचे आहे. पुढे मंगल कार्यालये आणि हॉटेलांचे तासाला २५० लिटरचे प्लांटही घ्यायचा विचार आहे. इथे एक एजंट 'आरओ लायसन्स काढून देतो' म्हणून पैसे मागतोय. दुसरा म्हणतो, अन्न व औषध प्रशासनात जा. असा परवाना खरंच असतो का? नसेल तर कोणकोणते कागद लागतात? दुसरं म्हणजे आमच्याकडे खारपाणपट्टा आहे, म्हणजे जमिनीखालचे पाणीच खारे, बोअरचा टीडीएस (विरघळलेले क्षार, लिटरला मिलिग्रॅममध्ये) १८०० पर्यंत जातो. अशा पाण्याला मशीन बसवताना काय वेगळं करावं लागतं? जाणकारांनी सविस्तर लिहावे.

कागदोपत्री
आधी एजंटाचे बघू. लोकांच्या घरी जलशुद्धीकरण यंत्र बसवण्यासाठी 'आरओ परवाना' नावाचा एकच एक सरकारी परवाना महाराष्ट्रात नाही. त्याला एक रुपयाही देऊ नका. मात्र याचा अर्थ काहीच लागत नाही असा नाही. तुम्ही कशाला हात लावता, त्यावर कागद ठरतो: नळजोडणीला, वीजजोडणीला, की विकल्या जाणाऱ्या पाण्याला.

धंदा म्हणून लागणाऱ्या गोष्टी आधी सांगतो. उद्यम नोंदणी आधार आणि पॅनवर ऑनलाइन होते आणि ती पूर्ण मोफत आहे. तिचा खरा उपयोग पुढे होतो. सोसायटी किंवा कंपनी बिल थकवते तेव्हा एमएसएमई कायद्यातली ४५ दिवसांची मुदत तुमच्या बाजूने उभी राहते. दुकान असेल तर शॉप अ‍ॅक्ट, म्हणजे २०१७ चा दुकाने व आस्थापना अधिनियम. एकट्याच्या किंवा दोन-तीन मदतनिसांच्या दुकानाला 'आपले सरकार'वर फक्त सूचना द्यायची असते, तिची पावती हाच तुमचा गुमास्ता (दुकानाच्या नोंदीचा कागद). व्यवसाय कराची पीटीईसी नोंदणी, वर्षाला २५०० रुपये. ही बहुतेक जण विसरतात आणि मग काही वर्षांचे व्याज-दंडासकट एकदम भरतात.

जीएसटीत एक खाच आहे. ४० लाखांची मर्यादा फक्त माल विकणाऱ्याला आहे. तुम्ही यंत्र विकणार आणि सर्व्हिसही देणार, म्हणून तुमची मर्यादा २० लाख. एकूण उलाढाल धरायची, नफा नव्हे. वार्षिक देखभाल करार, म्हणजे एएमसी, ही सेवाच आहे, हेही लक्षात ठेवा.

आता नळाचे. घराच्या आत, टाकीनंतरच्या लाइनवर टी टाकून यंत्र जोडायला पालिकेचा परवाना कोणी विचारत नाही. पण मुख्य जलवाहिनी, मीटर, नवी जोडणी यांना हात लावायचा असेल तर बहुतेक महापालिकांत परवानाधारक प्लंबरच लागतो. मुंबईत तर हे फार काटेकोर आहे. तुमचे नळ कारागीराचे प्रमाणपत्र त्या परवान्यासाठी उपयोगी पडते, नगरपरिषदेच्या पाणीपुरवठा विभागात चौकशी करा. आणि पालिकेच्या लाइनवर थेट मोटर लावून पाणी ओढणारी जोडणी कधीही करून देऊ नका, गिऱ्हाईक कितीही गळ घालो. शेजाऱ्यांचे पाणी तुटते, आणि लाइनमध्ये उणा दाब झाला की गळक्या सांध्यातून गटाराचे पाणी आत ओढले जाते.

तारतंत्री
विजेचे मी लिहितो. घरगुती आरओ तयार सॉकेटमध्ये लावायचे असेल तर वेगळा परवाना नको. पण ओट्याखाली नवा पॉइंट काढणे, तीन फेजचा स्टार्टर बसवणे, प्लांटचे पॅनेल जोडणे हे काम विद्युत ठेकेदाराची अनुज्ञप्ती असलेल्यानेच करायचे. ती विद्युत निरीक्षक कार्यालयाच्या यंत्रणेतून मिळते. तारतंत्री परवाना हा काम करणाऱ्या माणसाचा असतो आणि ठेकेदाराची अनुज्ञप्ती वेगळी असते. लोक या दोन्हींची गल्लत करतात. सुरुवातीला सोपा मार्ग म्हणजे गावातल्या अनुज्ञप्तीधारक ठेकेदाराशी बोलून ठेवा, त्याच्या नावाने काम आणि चाचणी अहवाल घ्या.

ओल्या जागेतली जोडणी आहे हे विसरू नका. आरओच्या सॉकेटला अर्थिंग आहे का ते टेस्टरच्या दिव्यावर ठरवू नका, मल्टिमीटरने फेज-अर्थ व्होल्टेज मोजा. २३० च्या जवळ आले पाहिजे. ६०-७० दिसले तर अर्थिंगची तार कुठेतरी तुटलेली आहे, आणि स्टीलच्या यूव्ही (जंतू मारणाऱ्या अतिनील दिव्याच्या) नळीला हात लागताच झटका बसू शकतो. सर्किटवर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) असलाच पाहिजे.

सोसायटी_सचिव
वाचतोय. आमच्या ४० फ्लॅटच्या सोसायटीत सॉफ्टनर बसवायचा आहे, पाण्याचा कडकपणा लिटरला ४०० मिलिग्रॅम आहे. तीन कोटेशन आली, तिन्हींत रेझिन (कडकपणा शोषणारे दाणे) वेगवेगळे, १०० लिटरपासून ३०० लिटरपर्यंत. खरे कोणते?

कागदोपत्री
@सोसायटी_सचिव, ते इथले सदस्य मिठागर सांगतील. अन्न व औषध प्रशासनाचे राहिले होते ते आधी पुरे करतो.

एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, परवाना पाणी विकणाऱ्याला लागतो, यंत्र बसवणाऱ्याला नाही. गिऱ्हाईक सीलबंद बाटली किंवा जार विकणार असेल तर परवाना त्याने काढायचा. मात्र तुम्ही प्लांट बसवताना ते लेखी विचारून घ्या, कारण 'प्लांटवाल्याने सांगितलं काही लागत नाही' हे वाक्य नंतर तुमच्याच नावावर खपवले जाते.

सुटे भाग आणून कॅबिनेटमध्ये जोडून विकणार असाल तर तुम्ही उत्पादक ठरता. घरगुती आरओसाठी आयएस १६२४० हे मानक आहे. आयएसआय चिन्ह बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) परवान्याशिवाय छापणे हा गुन्हा आहे. बाजारात नामांकित कंपन्यांचे स्टिकर लावलेली रिकामी कॅबिनेट सर्रास मिळतात. त्यांना हात लावू नका, तो ट्रेडमार्कचा फौजदारी मामला आहे. साधे, बिननावाचे किंवा स्वतःच्या नावाचे कॅबिनेट घ्या. खोक्यावर विक्री किंमत, उत्पादकाचा पत्ता, महिना-वर्ष, तक्रारीसाठी संपर्क हे वैधमापनशास्त्राच्या नियमाप्रमाणे छापावे लागते.

कौशल्याच्या प्रमाणपत्राचे म्हणाल तर कायद्याने ते सक्तीचे नाही, पण कंपन्यांची सर्व्हिस फ्रँचायझी आणि सरकारी टेंडर यांत विचारतात. वॉटर मॅनेजमेंट अँड प्लंबिंग स्किल कौन्सिल आणि इलेक्ट्रॉनिक्स सेक्टर स्किल्स कौन्सिल या दोन्हींकडे या कामाजवळचे अभ्यासक्रम आहेत. हात आधीच बसलेला असेल त्याने पूर्वज्ञान मान्यतेतून परीक्षा द्यावी, पूर्ण वर्गाला बसायची गरज नाही.

ह्यूस्टनकर
तुलनेसाठी: इकडे टेक्सासमध्ये याच कामाला खराखुरा परवाना आहे. राज्याच्या पर्यावरण आयोगाचा 'वॉटर ट्रीटमेंट स्पेशालिस्ट' परवाना, वर्ग १, २ आणि ३. प्रशिक्षण, परीक्षा, ठरावीक मुदतीने नूतनीकरण. पिण्याच्या लाइनला जोडलेले सॉफ्टनर किंवा आरओ बसवणे, बदलणे, दुरुस्त करणे हे सगळे त्यात येते. परवानाधारक प्लंबरला तो वेगळा काढावा लागत नाही. इकडे ज्या गोष्टीवर भर असतो ती भारतात फार थोडे लोक करतात: सांडपाण्याच्या नळीला हवेची फट. आरओची रिजेक्ट (टाकाऊ खारट पाण्याची) नळी किंवा सॉफ्टनरची ड्रेन नळी मोरीच्या पाइपात खुपसून, वरून एमसील लावून बंद करायची नाही. नळीचे टोक आणि पाइपाचे तोंड यांत नळीच्या व्यासाच्या दुप्पट, किमान एक इंच उघडे अंतर ठेवायचे. मोरी तुंबली आणि त्याच वेळी लाइनचा दाब पडला तर घाण पाणी उलटे यंत्रात येते.

झडप
ह्यूस्टनकरांशी शंभर टक्के सहमत. सॉफ्टनरमध्ये हे जास्त धोक्याचे, कारण रिजनरेशनच्या (मिठाच्या पाण्याने रेझिन पुन्हा ताजे करण्याच्या) वेळी व्हॉल्व ड्रेन उघडून बसलेला असतो.

पूर्णाकाठ भाऊ, खारपाणपट्ट्याच्या आरओचे सांगतो. १८०० टीडीएसला बाजारातले तयार यंत्र जसेच्या तसे लावले की सहा महिन्यांत मेम्ब्रेन (क्षार अडवणारी गाळणी) जाते आणि गिऱ्हाईक तुम्हाला नावे ठेवते. कारण समजून घ्या. दर १०० टीडीएसमागे साधारण एक पीएसआय (दाबाचे एकक) इतका परासरण दाब, म्हणजे क्षारांमुळे तयार होणारा दाब, उलट ढकलत असतो. १८०० ला १८ पीएसआय तिथेच गेले. मेम्ब्रेनच्या शेवटच्या टोकाला पाणी आणखी खारट होते, म्हणजे आणखी गेले. बूस्टर पंप ७० देत असला तरी कामाला ४५-५० च उरतात. म्हणून ७५ जीपीडीची (दिवसाला ७५ गॅलनची) मेम्ब्रेन, जी कागदावर तासाला १२ लिटरच्या आसपास देते, ती तुमच्याकडे ९-१० देईल. हे गिऱ्हाइकाला विकतानाच सांगा.

दुसरे, फ्लो रिस्ट्रिक्टर, आपला एफआर, रिजेक्टचा प्रवाह आवळणारा भाग. ७५ जीपीडीबरोबर मिनिटाला ३०० मिलीचा येतो. तुमच्या पाण्याला ४५० चा लावा. हिशेब असा: ३०० म्हणजे तासाला १८ लिटर रिजेक्ट, १० लिटर शुद्ध, म्हणजे ३६ टक्के पाणी मेम्ब्रेनमधून काढले. ४५० ला २७ लिटर रिजेक्ट, म्हणजे २७ टक्के. पाणी जास्त वाया जाते हे खरे आणि तुमच्या भागात ते जिवावर येते. पण कडक पाण्यात कमी रिजेक्टवर चालवले की कॅल्शियम मेम्ब्रेनवर दगडासारखा बसतो आणि मग तीच मेम्ब्रेन कचऱ्यात जाते. रिजेक्ट पाणी फरशी, संडास, गाडी धुणे यासाठी वेगळ्या ड्रममध्ये घ्यायची सोय बसवतानाच करून द्या. झाडांना नको, त्याचा टीडीएस २४०० च्या वर असतो.

बसवण्याचा क्रम: आधी टीडीएस आणि कडकपणा मोजा, दाब मोजा. बंगल्याला टाकी दोन मजल्यांवर असेल तर दाब कमीच असतो, पंप हवाच. उलट शहरातल्या टॉवरमध्ये दर १० मीटरला एक बार वाढतो. टाकीखाली १५ मजले म्हणजे साडेचार बार, तिथे प्रेशर रिड्युसिंग व्हॉल्व लावला नाही तर रात्री प्रीफिल्टरची वाटी फुटते आणि घरात पाणी होते. मग ५ मायक्रॉनचा स्पन (माती अडवणारा धाग्यांचा फिल्टर), सेडिमेंट, कार्बन, पंप, मेम्ब्रेन. सोलेनॉइड (विजेवर उघडणारी झडप) पंपाच्या आधी. कार्बनची जागा चुकवू नका: पॉलिअमाइडची मेम्ब्रेन क्लोरीनला अजिबात सोसत नाही, लिटरला ०.१ मिलिग्रॅमच्या वर गेले की कायमची खराब होते. ट्यूब कटरनेच काटकोनात कापा. ब्लेडने तिरकी कापलेली नळी फिटिंगमध्ये बसल्यासारखी दिसते आणि आठवड्याने ठिबकते. नवी मेम्ब्रेन घातल्यावर पहिल्या दोन टाक्या ओतून द्यायच्या, तिच्यात साठवणीचे रसायन असते.

पूर्णाकाठ
भाऊ, फारच उपयोगी. रिजेक्टची नळी चालूच राहते, टाकी भरली तरी, अशा तक्रारी इथे खूप येतात. मेकॅनिक लोक थेट मेम्ब्रेन बदलून देतात.

झडप
त्याचा मेम्ब्रेनशी काही संबंध नाही! प्लग काढा. वीज बंद असताना रिजेक्ट थांबले नाही तर सोलेनॉइड गळतोय: पडद्यावर कचरा बसलाय. खोलून धुवा, नाही जमले तर बदला. वीज बंद केल्यावर थांबले, पण टाकी भरलेली असताना चालू राहते, तर फ्लोट स्विच (टाकी भरली की यंत्र थांबवणारा) अडकलाय.

'पाणीच येत नाही'च्या तक्रारीला मल्टिमीटर आधी काढा. एसएमपीएस (यंत्राला वीज पुरवणारा डबा) २४ व्होल्ट देतो का? तेही पंप चालू असताना मोजा. मोकळा असताना २४ आणि लोडवर १८ असेल तर तो गेला. तो ठीक असेल तर स्पन बघा. मातीने भरला की पंप आवाज करतो पण ओढत नाही. हे दोन्ही ठीक आणि रिजेक्ट जोरात पण शुद्ध पाणी नाही, तर एफआर कोणीतरी काढून टाकलाय, मेम्ब्रेनवर दाबच तयार होत नाही. रिजेक्ट जवळपास बंद आणि पाणी कमी, तर एफआर तुंबलाय.

मेम्ब्रेन कधी बदलायची याचा एकच निकष: आतला वजा बाहेरचा टीडीएस, भागिले आतला. १८०० आत आणि १५० बाहेर म्हणजे जवळपास ९२ टक्के, उत्तम चाललीय. ८० च्या खाली गेली की बदला. पण त्याआधी हाऊसिंग उघडून ओ-रिंग बघा. ती दुमडलेली असली की कच्चे पाणी शुद्ध पाण्यात शिरते आणि नवी मेम्ब्रेनही खराब असल्यासारखी वाटते. टीडीएस कंट्रोलर (शुद्ध पाण्यात थोडे कच्चे पाणी मिसळणारा व्हॉल्व) उघडा असेल तर तो आधी पूर्ण बंद करून मोजा. आणि डिसेंबर-जानेवारीत पाणी कमी येते म्हणून मेम्ब्रेन बदलू नका. २५ अंशांखाली दर अंशाला साधारण ३ टक्के पाणी कमी होते. विदर्भातल्या थंडीत १५ अंशांचे पाणी म्हणजे ३० टक्के घट, तो दोष नव्हे.

मिठागर
@सोसायटी_सचिव, हिशेब मांडून घ्या. मग कोटेशनवाल्याला प्रश्न विचारता येतील.

४० घरे, घरटी ५ माणसे, माणशी १३५ लिटर: दिवसाला २७,००० लिटर. पण सगळे पाणी शून्यावर आणायची काहीच गरज नाही. थोडे कच्चे पाणी मिसळून १०० वर ठेवा, गिझर आणि नळ सुखात राहतात. म्हणजे ७५ टक्के, २०,२५० लिटर सॉफ्टनरमधून. गुणिले ४०० मिलिग्रॅम, दिवसाला ८.१ किलो कडकपणा. लिटरभर रेझिनला १२० ग्रॅम मीठ दिले तर ते साधारण ४५ ग्रॅम कडकपणा उचलते. रोज एक रिजनरेशन धरले तर १८० लिटर रेझिन आणि रोज २१ ते २२ किलो मीठ. हा मिठाचा आकडा कोटेशनमध्ये असतो का बघा. नसतो. १०० लिटरवाला एकतर दिवसातून दोनदा रिजनरेशन करेल, नाहीतर संध्याकाळी कडक पाणी देईल. ३०० लिटरवाला चुकीचा नाही, दीड दिवस चालेल, पण भांडे, पंप, ड्रेन सगळे मोठे लागेल.

घरगुती उदाहरण, पूर्णाकाठ यांच्यासाठी. ५ माणसे, ६७५ लिटर, कडकपणा ४००. २५ लिटर रेझिन, ८४४ चे (८ इंच रुंद, ४४ इंच उंच) भांडे. १,१२५ ग्रॅम क्षमता, म्हणजे २,८०० लिटर पाणी. १५ टक्के राखीव ठेवून मीटर व्हॉल्ववर २,४०० लिटर टाका. साडेतीन दिवसांनी रिजनरेशन, दर वेळी ३ किलो मीठ. पाच किलो टाकले म्हणून दुप्पट काम होत नाही, ते मीठ गटारात जाते.

८४४ मध्ये २५ लिटर रेझिनची उंची ७७ सेंटिमीटर होते, वर ३५ उरते. बॅकवॉशला, म्हणजे उलट्या प्रवाहाने धुताना, रेझिन फुलायला ती जागा लागते. मिनिटाला साडेसहा लिटरच्या आसपास बॅकवॉश हवा. कमी असला तर गाळ निघत नाही, फार जास्त असला तर सोनेरी दाणे ड्रेनमधून जाताना दिसतात. ड्रेनच्या नळीला पांढरे फडके बांधून पहिला बॅकवॉश बघा, दाणे आले तर ड्रेन फ्लो कंट्रोलची गोटी तपासा.

लोह ०.३ च्या वर असेल तर सॉफ्टनरआधी लोह काढणारा फिल्टर हवाच, नाहीतर रेझिन तांबूस होऊन मरते. मीठ खडे किंवा गोळ्यांचे, बारीक मीठ टाकीत चिखल होऊन बसते. आणि पिण्याचा नळ सॉफ्टनरच्या आधी काढा. दर १०० मिलिग्रॅम कडकपणामागे पाण्यात ४६ मिलिग्रॅम सोडियम येते. ४०० ला ते १८४ झाले. रक्तदाबाच्या माणसाच्या घरी हे न सांगता बसवणे बरोबर नाही.

प्रयोगशाळा_ताई
टीडीएस मीटरवर सगळे ठरवू नका, एवढीच कळकळीची विनंती. मीटर क्षार किती हे सांगतो, कोणते ते नाही. नायट्रेट, फ्लोराइड, जंतू त्याला दिसत नाहीत. यवतमाळ-चंद्रपूरकडे टीडीएस ४०० असूनही फ्लोराइड लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर असू शकते. आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या मानकाप्रमाणे नायट्रेटची लिटरला ४५ मिलिग्रॅम ही मर्यादा आहे आणि तिथे सवलत नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्यात आहेत, तिथे नमुना द्या. रासायनिक तपासणीला दोन लिटरचा स्वच्छ कॅन, त्याच पाण्याने तीनदा विसळून. जंतूंच्या तपासणीला प्रयोगशाळेनेच दिलेली निर्जंतुक बाटली. ती विसळायची नाही, आत क्लोरीन मारणारे थायोसल्फेट असते. नळ दोन-तीन मिनिटे वाहू द्या, बाटली बर्फात ठेवून शक्यतो सहा तासांत पोहोचवा.

उलट बाजूही सांगते. मुंबईचे भातसा-वैतरणाचे पाणी किंवा कोकणातले विहिरीचे पाणी मुळात कमी क्षारांचे असते. तिथे आरओ विकणे म्हणजे चांगले पाणी गटारात सोडणे. यूव्ही किंवा यूएफ (जंतू अडवणारी बारीक गाळणी) पुरते. पाणी बघून 'तुम्हाला आरओ नको' म्हणणारा कारागीर आम्हाला हवा आहे.

पूर्णाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटचे दोन प्रश्न. एएमसीच्या कार्डावर काय लिहायचे? आणि टाकी निर्जंतुक करायला किती औषध घालायचे?

झडप
कार्डावर दर भेटीला: तारीख, आतला-बाहेरचा टीडीएस, शुद्ध आणि रिजेक्ट पाणी मिनिटाला किती मिली, बदललेला भाग, गिऱ्हाइकाची सही. करारात कोणते भाग धरले आहेत आणि कोणते नाहीत ते नावानिशी लिहा. मेम्ब्रेन आणि पंप याबद्दलच भांडणे होतात. जुना भाग गिऱ्हाइकाच्या हातात द्या.

निर्जंतुकीकरण: मेम्ब्रेन काढून बाजूला ठेवा, तिला क्लोरीन लागता कामा नये. १० लिटर पाण्यात ५ टक्के हायपोक्लोराइट १० मिली, म्हणजे ५० पीपीएम (लिटरला ५० मिलिग्रॅम). टाकी भरा, नळ उघडून क्लोरीनचा वास येईपर्यंत पाणी सोडा, अर्धा तास तसेच ठेवा. मग साध्या पाण्याने वास जाईपर्यंत धुवा. टाकीच्या तळाशी चिकट थर असेल तर आधी मऊ स्पंजने पुसून काढा, थरावर क्लोरीन काम करत नाही.

प्रयोगशाळा_ताई
वासावर विसंबू नका. थेंबांची क्लोरीन तपासणी किट स्वस्त मिळते, शेवटच्या धुण्याच्या पाण्यात मोजा. ०.२ च्या खाली आल्याशिवाय टाकी वापरायला देऊ नका. आणि हायपोक्लोराइटच्या बाटलीवरची तारीख बघा, उन्हाळ्यात त्याचा जोर लवकर कमी होतो, अंधाऱ्या थंड जागी ठेवा.